३.३१ की ४.१०? शेव्हेलच्या मागच्या अ‍ॅक्सलचा हिशेब

शेव्हरोलेच्या शेव्हेलसारख्या जुन्या अमेरिकन मसल कारच्या (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाडीच्या) मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कोणता गिअर बसवलेला आहे, हे कळायला खडूचा एक तुकडा पुरतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची आणि प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर, एक रेघ ओढायची. एक चाक घट्ट धरून दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं. एक चाक थांबलेलं असलं की मोकळं डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी) दुसऱ्याला दुप्पट फिरवतं, म्हणून दोन फेरे. कुठलंच चाक न धरता एक फिरवल्यावर दोन्ही चाकं एकाच दिशेने वळत असतील तर आत पॉझिट्रॅक्शन, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारं डिफरेन्शियल आहे, मग एकच फेरा पुरे. चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट किती फेरे घेतो, तोच गिअरचा आकडा. तेवढ्यात शाफ्टवरची रेघ सव्वातीन फेऱ्यांच्या जरा पुढे गेली तर गिअर ३.३१ चा. चार फेरे पूर्ण करून किंचित पुढे गेली तर ४.१० चा.

हे आकडे असे विचित्र का, याचं कारण दातांमध्ये आहे. शाफ्टच्या टोकाला पिनियन हे लहान दातेरी चक्र असतं आणि ते चाकांकडच्या मोठ्या दातेरी चक्राला, म्हणजे क्राउनला, फिरवतं. पिनियनला १० दात आणि क्राउनला ४१, म्हणून ४.१०. पिनियनला १३ आणि क्राउनला ४३, म्हणून ३.३१. ४० आणि १० दात घेतले असते तर सरळ ४ आला असता, पण मग पिनियनचा प्रत्येक दात आयुष्यभर क्राउनच्या त्याच चार दातांवर आपटत राहिला असता. ४१ आणि १० यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दाताची प्रत्येक दाताशी गाठ पडते आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. अंकगणिताचा इतका सुंदर उपयोग यंत्रात फार थोड्या ठिकाणी दिसतो.

आता मुख्य प्रश्न. मोठा आकडा म्हणजे ‘जास्त ताकद’, असं सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. गिअर शक्ती निर्माण करत नाही. तो फेरे कमी करून त्या बदल्यात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवतो. शिवाय अ‍ॅक्सलचा आकडा एकटा काम करत नाही. गिअरबॉक्सच्या प्रत्येक गिअरला तो गुणत असतो, आणि तो गुणाकार मांडून पाहिल्यावर चित्र एकदम बदलतं.

१९७० ची शेव्हेल एसएस ४५४ घेऊ. तिचं ७.४ लिटरचं एलएस-६ इंजिन ३६०० आरपीएमला (मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर) ६७८ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं आणि ५६०० ला ४५० अश्वशक्ती. चार गिअरांच्या एम-२२ बॉक्सचे आकडे होते २.२०, १.६४, १.२८ आणि १.००. त्यांना ४.१० ने गुणलं की ९.०२, ६.७२, ५.२५ आणि ४.१० मिळतात. ३.३१ ने गुणलं की ७.२८, ५.४३, ४.२४ आणि ३.३१.

दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा आणि खालची ओळ एक घर उजवीकडे सरकवा. ६.७२ च्या जवळ ७.२८ येतो, ५.२५ च्या जवळ ५.४३, आणि ४.१० च्या जवळ ४.२४. म्हणजे अ‍ॅक्सल बदलून गाडीला नवी शिडी मिळत नाही, आहे तीच शिडी एक पायरी सरकते. ४.१० घेतलात तर खाली एक जास्तीची पायरी मिळते. ३.३१ घेतलात तर ती वर मिळते.

खालच्या पायरीचा उपयोग किती, हे टायर ठरवतो. चाकाचा व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर धरला आणि घर्षणात जाणारा वाटा सोडून दिला, तर ३.३१ वर पहिल्या गिअरमध्येच रस्त्यावर जवळपास १५,००० न्यूटन जोर येतो. ४.१० वर तो साडेअठरा हजार होतो. पण पावणेदोन टनांच्या या गाडीचं निम्म्याहून अधिक वजन पुढे, इंजिनाकडे असतं. वेग घेताना भार मागे सरकतो हे धरूनही त्या काळच्या रस्त्यावरच्या टायरांची पकड आठ-नऊ हजार न्यूटनांच्या आसपास संपते. उरलेल्या जोराचा फक्त धूर होतो. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, मऊ, रुंद आणि खाचा नसलेले स्लिक टायर लावले की ४.१० ची ती पायरी खरी कामाला येते, आणि शेवटही जुळून येतो. पाव मैलाची रेषा ताशी १६९ किलोमीटरने ओलांडली असं समजा. चौथ्या गिअरमध्ये इंजिन साधारण ५५७० वर असेल, म्हणजे कमाल शक्तीच्या अगदी शेजारी.

वरच्या पायरीचं मोल महामार्गावर कळतं. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८०४ फेरे घेतं. ३.३१ वर इंजिन २६६० ला चालतं, ४.१० वर ३३०० ला. तासन्‌तास तो आवाज, ती उष्णता आणि ते पेट्रोल सोसावं लागतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकन कंपन्या २.७३ आणि २.५६ सारख्या आकड्यांकडे का वळल्या, ते यावरून समजतं.

माझं मत विचाराल तर, रस्त्यावर चालवायची शेव्हेल असेल तर ३.३१ ला हात लावू नये. पैसे खर्च करायचेच असतील तर ते ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरचा आकडा १ पेक्षा कमी असलेल्या गिअरबॉक्सवर करावेत. ट्रेमेक या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा २.८७ चा पहिला आणि ०.६८ चा पाचवा गिअर असलेला बॉक्स ३.३१ शी जोडला, तर पहिली पायरी ९.५० होते आणि शेवटची २.२५. सुरुवात ४.१० वाल्या गाडीपेक्षाही जोरकस, आणि १०० च्या वेगाला इंजिन फक्त १८१० वर. मात्र अशा बॉक्सबरोबर ४.१० ठेवलात तर पहिला गिअर ११.७७ होतो आणि चौक ओलांडायच्या आत बदलावा लागतो.

अ‍ॅक्सल बदललाच, तर स्पीडोमीटर विसरू नका. त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाच्या एका लहान गिअरवरून फिरते, त्यामुळे चाकाला कोणता गिअर लावलाय हे तिला कळत नाही. ३.३१ काढून ४.१० बसवला आणि तो लहान गिअर तसाच ठेवला, तर गाडी ८० ने जाताना काटा ९९ दाखवेल.