कासवाच्या आजाराची लक्षणे

पाळीव कासवाचे वजन, हालचाल, श्वास, डोळे, कवच आणि विष्ठा यांतील बदलांवरून आजार ओळखण्याची रीत. कासव दुखणे दाखवत नाही आणि त्याचा चयापचय मंद असतो. खाणे बंद झाल्याचे मालकाच्या ध्यानात येते तेव्हा दुखणे बहुधा काही आठवड्यांचे असते. खानदेशातील घरांत काचेच्या टाकीत दिसते ते सहसा मूळ अमेरिकेचे लाल कानांचे पाणकासव (रेड-इअर्ड स्लायडर). जमिनीवरचे चांदणी कासव १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली संरक्षित असून विनापरवाना पाळणे गुन्हा आहे. सापडल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

ऋतू की आजार : जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५° से. ओलांडतो आणि थंडीत पहाटे १०° च्या खालीही उतरतो. कासवाच्या शरीराचे तापमान भोवतालावर चालत असल्याने दोन्ही टोकांना ते सुस्त होते. थंडीतल्या सुस्तीला शीतनिद्रा समजणे ही नेहमीची चूक. चांदणी कासव शीतनिद्रा घेत नाही. पारख सोपी आहे : कासव ३० अंशांच्या उबेत आणावे, हनुवटीपर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात १५–२० मिनिटे बसवावे. दोन-तीन तासांत ते चालू-खाऊ लागले तर दोष थंडीचा. नाही तर आजाराचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली किंवा गच्चीच्या फरशीवर अडकलेले कासव आधी सैरावैरा पाय मारते, तोंडाला फेस आणते, मूत्र सोडते, मग निपचित पडते. अशा वेळी त्याला सावलीत, साध्या पाण्यात ठेवावे. बर्फाचे पाणी घालू नये.

वजन : सर्वांत भरवशाची खूण हीच. स्वयंपाकघरातील १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. पिलाचे दर आठवड्याला, मोठ्याचे महिन्याला, खाण्यापूर्वी एकाच वेळी वजन करावे. आधीच्या वजनात दहा टक्के घट ही पशुवैद्याकडे जाण्याची वेळ. संदर्भग्रंथांत ‘जॅक्सन गुणोत्तर’ वारंवार येते : कवचाची सरळ लांबी आणि वजन यांच्या आलेखावरून प्रकृती ठरवण्याची ही पद्धत साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पुढे आली. ती भूमध्य समुद्राकाठच्या दोन जातींवर बेतलेली आहे. उंच घुमटाच्या चांदणी कासवाला किंवा चपट्या पाणकासवाला ती लावल्यास निष्कर्ष चुकतो. भरलेले मूत्राशय, अंडी किंवा मुतखडा यांनीही वजन फसवे वाढते. त्यामुळे त्याच कासवाची जुनी नोंद आलेखापेक्षा अधिक उपयोगी.

श्वास व डोळे : कासवाला आपल्यासारखे श्वासपटल नसते, त्यामुळे फुप्फुसातील स्राव खोकून बाहेर टाकणे त्याला जमत नाही. नाकपुडीत बुडबुडे, मान ताणून तोंड उघडे ठेवणे, श्वासागणिक पुढचे पाय आत-बाहेर होणे ही फुप्फुसदाहाची चिन्हे. रात्रभर कूलरच्या ओल्या झोतात ठेवलेल्या कासवावर विशेष लक्ष ठेवावे. पाणकासव एका अंगावर कलून पोहत असेल तर एका फुप्फुसाचा दाह संभवतो. नुसत्या सुकटीवर वाढवलेल्या पाणकासवाचे डोळे सुजून मिटतात ते बहुधा जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाने. डोळ्यामागे, कानाच्या जागी गाठ आली तर ते गळू असते. कासवाचा पू पनीरसारखा घट्ट असल्याने आपोआप वाहून जात नाही, तो कापूनच काढावा लागतो.

कवच : एक वर्षाहून मोठ्या कासवाचे कवच दाबल्यावर लवणे हे कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण, नुकत्या जन्मलेल्या पिलाचे थोडे लवचिक असतेच. जळगावात केळी हाताशी, म्हणून कासवालाही तीच दिली जातात. पण केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस साधारण चौपट असतो. जमिनीवरच्या कासवाला शेवग्याचा पाला, निवडुंगाची काटे काढलेली पाने, जास्वंद हे बरे. पोटाकडच्या कवचावर लाल झाक दिसली तर रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची शंका घ्यावी. पांढरे, खरवडल्यास सुटणारे, दुर्गंधी येणारे खड्डे म्हणजे कवच कुजणे.

कवचावर उंचवटे येण्याचे (‘पिरॅमिडिंग’) कारण वादग्रस्त आहे. जुने लेखक जास्त प्रथिनांना दोष देतात. २००३ मध्ये वीसनर व इबेन यांनी आफ्रिकी सल्काटा कासवांवर केलेल्या अभ्यासात कोरडी हवा हा मोठा घटक ठरला, प्रथिनांचा परिणाम किरकोळ. खानदेशातील एप्रिल-मेची हवा पाहता हेच मत अधिक पटण्याजोगे वाटते. मात्र चांदणी कासवाच्या पाठीवर उंचवटे निसर्गतःच असतात. केवळ त्यावरून त्याला आजारी ठरवू नये.

मलमूत्र : मूत्रासोबत येणारा पांढरा, कालवलेल्या चुन्यासारखा पदार्थ युरेट होय. तो वाळूसारखा रवाळ झाला की शरीरातले पाणी कमी पडले आहे. मागचे पाय ओढत कुंथणाऱ्या मादीच्या पोटात अंडी अडकलेली असू शकतात.

उपचारातील धोका : गुरे-शेळ्यांच्या गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला जीवघेणे ठरते. गोचीड चिमट्याने काढावेत आणि औषध विचारल्याशिवाय देऊ नये. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये.