मशीन टूलचे गतिदोष : नामकरण व गणिती प्रतिमान

मशीन टूलची (धातू कापून घडवणाऱ्या यंत्राची) स्लाइड, म्हणजे सरकणारा भाग, गाइडवेवर (तिला वाट दाखवणाऱ्या पट्ट्यांवर) धावताना आखलेल्या रेषेपासून थोडी ढळते, थोडी कलतेही. या दोषांना ठरावीक चिन्हे देऊन हत्याराच्या टोकाशी त्यांचा एकत्रित परिणाम काढण्याची ही पद्धत आहे. अक्षांची नावे आयएसओ ८४१ या मानकाने ठरतात : झेड अक्ष स्पिंडलला (हत्यार किंवा जॉब फिरवणाऱ्या दांड्याला) समांतर, एक्स, वाय, झेडभोवतीचे फिरणे अनुक्रमे ए, बी, सी. दोषांची चिन्हे आयएसओ २३०-१ च्या २०१२ च्या आवृत्तीत सापडतात.

घन वस्तूला हलायला सहा वाटा असतात (तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या), म्हणून एका सरळ अक्षाला सहा दोष. एक्स स्लाइडपुरते पाहिले तर ईएक्सएक्स हा स्थानदोष, ईवायएक्स व ईझेडएक्स हे सरळपणातले दोष, आणि ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स म्हणजे एक्स, वाय, झेडभोवतीचे कल, अर्थात रोल, पिच, यॉ. पहिले ई म्हणजे एरर (दोष), मधले अक्षर दोषाची दिशा सांगते, शेवटचे चालणारा अक्ष. तीन अक्षांचे १८ आणि त्यांच्यातल्या काटकोनाचे ३, असे एकूण २१. मोजमापयंत्रांसाठीच्या व्हीडीआय २६१७ या जर्मन मार्गदर्शिकेत मात्र क्रम उलटा : ईवायएक्सलाच तिथे ‘एक्सटीवाय’ म्हणतात, म्हणजे अक्ष आधी, दिशा नंतर. ही अदलाबदल लक्षात न घेता कंट्रोलरच्या (यंत्र चालवणाऱ्या संगणकाच्या) भरपाई-तक्त्यात, म्हणजे दोष दुरुस्त करण्याच्या तक्त्यात, आकडे भरले, तर दुरुस्ती भलत्याच अक्षावर होते. दोषाचा आकडा भरायचा की त्याच्या उलट चिन्हाची दुरुस्ती, हा घोळ त्याहून फसवा.

प्रतिमानात जॉबपासून (घडवायच्या वस्तूपासून) हत्यारापर्यंतच्या साखळीतील प्रत्येक अक्षासाठी एक ४×४ सारणी (मॅट्रिक्स) मांडतात आणि त्या क्रमाने गुणतात. कोन अतिशय लहान असल्याने दोन दोषांचे गुणाकार सोडून देता येतात. सगळ्यात महागात पडतो तो मोजण्याचा बिंदू : १० मायक्रोरेडियनचा कल ५०० मिलिमीटर अंतरावर ५ मायक्रॉन होतो. त्यामुळे कोणत्या बिंदूशी मोजले हे न लिहिलेला सरळपणाचा आकडा अर्धवटच म्हणायचा.

फिरत्या अक्षांचे दोष आयएसओ २३०-७ मध्ये येतात.

प्रत्येक भाग ताठ आहे असे हे प्रतिमान धरून चालते. जड जॉबने टेबल वाकले किंवा उष्णतेने स्पिंडल वाढला, तर २१ आकडे पुरत नाहीत. शिवाय तीन अक्षांच्या यंत्रात भरपाईने टोकाची जागा सुधारते. हत्याराचा कल तसाच राहतो, कारण तो वळवायला अक्षच नसतो.