ब्लड कॅन्सरचं निदान आणि रेशन कार्ड: नाशिकच्या नातेवाइकांसाठी योजनेची माहिती

बोनमॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी झाली की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, रिपोर्ट कधी?" मी दिवस सांगतो आणि लगेच विचारतो, "रेशन कार्ड सोबत आणलंय का?" काहींना हा प्रश्न खटकतो. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार मिळवायला ते कार्ड लागतं. आणि अक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये, आमच्या हातात फार थोडे दिवस असतात. रिपोर्टची वाट बघत कागद घरी ठेवू नका. रिपोर्ट तयार होतोय तोवर कागद जमवा.

सुरगाण्याकडचा एक तरुण आमच्याकडे आला तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं, ताप उतरत नव्हता. आधारवर नाव 'पांडुरंग', रेशन कार्डावर 'पांडू'. वडील तालुक्याला जाऊन येईपर्यंत दोन दिवस गेले. ते दोन दिवस आम्ही प्लेटलेट्स आणि अँटिबायोटिक्सवर काढले. म्हणून नावाबद्दल मी प्रत्येकाला बजावून सांगतो: दोन्ही कागदांवरचं नाव आजच शेजारी शेजारी ठेवून वाचा. फरक असेल किंवा रुग्णाचं नाव कार्डावर चढलेलंच नसेल, तर घरातल्या एकाने त्याच दिवशी पुरवठा कार्यालय गाठावं. दुसऱ्याने रुग्णाजवळ थांबावं. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर आहे का, तेही तिथेच विचारून घ्या.

ही योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारतशी जोडलेली. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली. संरक्षण वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत, पण ते साऱ्या कुटुंबात मिळून. आजोबांची अँजिओप्लास्टी याच वर्षी योजनेतून झाली असेल, तर ती रक्कम वजा झालेली असते. ते आधीच सांगा, म्हणजे पुढच्या केमोचा हिशेब आम्हाला नीट मांडता येतो.

कागद तसे मोजकेच. रेशन कार्ड, आणि आधार किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र. लहान मुलाचं नाव अजून कार्डावर नसेल तर त्याचा जन्मदाखला आणि आईवडिलांचं कार्ड आणा. झेरॉक्ससोबत मूळ प्रतही लागते.

रुग्णालय निवडताना एक बारीक गोष्ट सुटते. "योजना आहे का?" एवढंच विचारू नका. एखादं रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असेल आणि केमोथेरपीसाठी नसेल. "ब्लड कॅन्सरच्या केमोसाठी अंगीकृत आहात का?", म्हणजे त्या उपचारासाठी योजनेत आहात का, असं विचारा. शंका असेल तर 155388 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, कक्ष असतो. तो नोंदणी करतो, आम्ही बोनमॅरो, फ्लो सायटोमेट्री (कॅन्सरच्या पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी), रक्ताचे काउंट आणि उपचाराचा आराखडा जोडतो, आणि मंजुरीसाठी प्रकरण ऑनलाइन जातं. मंजुरी केमोच्या प्रत्येक सायकलला, म्हणजे फेरीला, वेगळी घ्यावी लागते. मुलांच्या ल्युकेमियाचे उपचार दोन वर्षांहून जास्त चालतात, म्हणून मूळ कार्ड गावी पाठवून देऊ नका. रुग्ण अत्यवस्थ असेल तर रुग्णालय फोनवरून तातडीची मंजुरी मागू शकतं, कागद मागाहून देता येतात. हे आम्हाला विचारायला बिचकू नका.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. इथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत लागतं. विहित अर्ज, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला, आधार, रेशन कार्ड, आजाराचे रिपोर्ट आणि रुग्णालयाचं मूळ खर्चाचं अंदाजपत्रक जोडा. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणीकरण हवं. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. आणि उपचार उरकल्यावर बिलं घेऊन गेलात तर पैसे परत मिळत नाहीत, अर्ज आधीच गेला पाहिजे. डॉक्टरांकडे अंदाजपत्रक मागायला संकोच वाटतो असं अनेक जण सांगतात. ते लिहून देणं आमच्या कामाचाच भाग आहे, राउंड संपला की हक्काने मागा.

बोनमॅरो ट्रान्सप्लांटसाठी, म्हणजे मगजाच्या प्रत्यारोपणासाठी, काहींना परळच्या टाटा रुग्णालयाच्या खारघर केंद्रात पाठवावं लागतं. तेव्हा रेल्वेची सवलत वापरा. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण माफी मिळते, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. पंचवटी एक्सप्रेसला स्लीपर नाही, त्यामुळे सेकंड क्लास किंवा एसी चेअर कारला दोघांनाही 75 टक्के सूट धरा. त्यासाठी रेल्वेचा ठरावीक नमुना रुग्णालयाकडून भरून, सही-शिक्का घेऊन न्यायचा असतो. त्यात कुठून कुठे जायचं तेही लिहिलेलं असतं, म्हणून नाशिकरोडच्या खिडकीवर उभं राहण्याआधी दोन्ही स्टेशनांची नावं तपासून घ्या.