फाशांनी खोदलेलं भुयार

काळ्या पडद्यावर एक @. त्याच्याभोवती ठिपक्यांची फरशी, उभ्या-आडव्या रेघांच्या भिंती आणि भिंतीत कुठेतरी एक +, म्हणजे दार. दाराबाहेर पाऊल टाकलं की # # # असा बोळ उलगडत जातो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेला 'रोग' हा गेम एवढ्याच सामानावर उभा आहे. (मराठीत नाव वाचताना आजार आठवतो, पण इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भामटा, उनाड माणूस.) भुयाराच्या सव्विसाव्या मजल्यापर्यंत उतरायचं, येंडरचा ताईत शोधायचा आणि तो घेऊन जिवंत वर यायचं. वाटेत ए ते झेड अशी २६ अक्षरं अंगावर येतात. प्रत्येक अक्षर म्हणजे एक प्राणी.

कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत मी हा गेम पहिल्यांदा खेळलो, तेव्हा मला फक्त तो ताईत हवा होता. आता इतक्या वर्षांनी पुन्हा बसलो ते गेमचा सी भाषेतला कोड शेजारी उघडूनच. ताईत बाजूलाच राहिला. कोडमधल्या एका ओळीने मला दोन रात्री धरून ठेवलं.

त्या ओळीकडे जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ इथल्या शाखेत मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन हे दोन विद्यार्थी होते. त्या काळचे साहसी गेम वाचून खेळायचे असत: संगणक वर्णन करणार, तुम्ही हुकूम टाइप करणार. एकदा कोडी सुटली की तो गेम संपला, कारण दुसऱ्यांदाही किल्ली त्याच पेटीत सापडणार. बनवणाऱ्याची तर आणखी पंचाईत. कुठली वस्तू कुठे ठेवली हे सगळं त्याला ठाऊकच असतं. टॉय आणि विकमन यांना स्वतःला खेळता येईल असा गेम हवा होता. म्हणून भुयार खोदायचं काम त्यांनी संगणकावरच सोपवलं.

पडद्यावर ते दाखवायचं कसं, हा प्रश्न आज वाटतो तितका साधा नव्हता. टर्मिनलवर, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकाच्या जोडीवर, ८० रकाने आणि २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरं. टेलिफोनच्या तारेवरून ३०० बॉडने (बॉड हे तारेवरून माहिती जाण्याच्या वेगाचं माप) सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं यायची. अख्खा पडदा एकदा रंगवायला ६४ सेकंद! त्याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या केन अर्नोल्ड यांनी लिहिलेल्या 'कर्सेस' या प्रोग्राम-संचाने ही अडचण सोडवली. पडद्यावर आत्ता काय आहे याची एक प्रत तो स्मरणात ठेवतो, नवं चित्र तिच्याशी ताडून बघतो आणि जिथे फरक पडला तेवढीच अक्षरं पाठवतो. तुम्ही एक पाऊल उजवीकडे सरकलात तर फरक दोनच अक्षरांचा: जुन्या जागी ठिपका, नव्या जागी @. कर्सर हव्या त्या जागी न्यायला 'एडीएम-३ए' या टर्मिनलवर चार अक्षरांची खूण लागायची. १,९२० अक्षरांचं काम पाच-सहा अक्षरांत झालं. पुढे अर्नोल्ड स्वतःच या गेमच्या कामात सामील झाले.

आता ती ओळ. माझ्याकडच्या ५.४ आवृत्तीत ती अशी: हातातल्या संख्येला ११,१०९ ने गुणा, त्यात १३,८४९ मिळवा, ३२ बिटांत (बिट म्हणजे संगणकाच्या मोजणीतला ० किंवा १ हा एक अंक) मावेल तेवढंच ठेवा. आलेलं उत्तर हीच पुढच्या वेळची 'हातातली संख्या'. गेममधला प्रत्येक फासा, म्हणजे नशिबावर सोडलेली प्रत्येक निवड, या एका हिशेबातून पडतो.

करून बघू. सुरुवात १ पासून. पहिलं उत्तर २४,९५८. दुसरं २७,७२,७२,२७१. आता या संख्येला सहाने भागून बाकी घेतली की फासा तयार, असं कुणालाही वाटेल. पण इथे एक गंमत आहे. १ विषम, २४,९५८ सम, २७,७२,७२,२७१ पुन्हा विषम. गुणक विषम, मिळवायची संख्याही विषम, त्यामुळे सम-विषम ही पाळी कधीच मोडत नाही. असा फासा सारीपाटावर पडला असता तर चौथ्या डावात कुणीतरी पट उधळला असता. म्हणून कोड खालचे १६ बिट टाकून देतो आणि वरचे १६ तेवढे वापरतो, कारण खालच्या बिटांमध्ये दिसणारी ही शिस्त वरच्या बिटांत सहज पकडता येत नाही. आपल्या दुसऱ्या उत्तरात वरच्या बिटांची संख्या येते ४,२३०. तिला सहाने भागलं की बाकी शून्य, त्यात एक मिळवायचा. फाशावर पडलं एक.

हा हिशेब ४,२९,४९,६७,२९६ वेळा वेगवेगळी उत्तरं देतो आणि मगच पहिल्या संख्येवर परततो. सुरुवातीच्या संख्येला 'बीज' म्हणतात. गेम सुरू होतो त्या क्षणाची वेळ आणि संगणकाने त्या प्रोग्रामला दिलेला क्रमांक यांची बेरीज, हे ते बीज.

मात्र नुसत्या फाशांनी भुयार होत नाही. खोल्या कुठेही टाकल्या तर काही एकमेकींवर चढतील आणि काहींकडे जायला वाटच नसेल. म्हणून पडद्याचे तीन गुणिले तीन असे नऊ चौक केलेले आहेत, आणि एका चौकात फार तर एक खोली. शून्य ते तीन खोल्या गाळल्या जातात, त्यांच्या जागी नुसतं बोळाचं वळण राहतं. मग जोडणी. कुठल्याही एका चौकात सुरुवात करायची, शेजारच्या अजून न जोडलेल्या चौकापर्यंत बोळ काढायचा, असा शेजारी उरला नाही की आधी जोडलेल्या दुसऱ्या चौकातून पुढे जायचं. नऊ गावं आठ रस्त्यांनी जोडावीत तसं. आठ बोळ झाले की कुठूनही कुठेही पोचता येतं, याची खात्री गणितच देतं. वर कधीकधी दोन-चार जादा बोळ पडतात ते फिरून मागे येता यावं म्हणून. फाशांना इथे मोकळीक आहे, पण कुंपणाच्या आत, आणि मला हीच या गेममधली सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

खोलीत उजेड असेल की नाही, हेसुद्धा एक फासाच ठरवतो. पहिल्या मजल्यावर सगळ्या खोल्या उजळ असतात. प्रत्येक मजल्यागणिक अंधाराची शक्यता दहात एकने वाढते आणि अकराव्यापासून खाली सगळाच काळोख. काळोख्या खोल्यांपैकी साधारण पंधरात एक खोली नसतेच, तिथे चक्रव्यूह असतो. तिथे खरोखर चकवा लागतो.

मेलात तर डाव संपला. अर्धवट डाव साठवून ठेवता येतो, पण तो पुन्हा उघडताक्षणी साठवलेली फाइल पुसली जाते, म्हणजे मागे फिरून दुसरी संधी नाही. औषधांचे रंगही दर डावात नव्याने वाटले जातात. काल ज्या निळ्या कुपीने जखम भरली, तीच आज आंधळं करू शकते. त्यामुळे पाठांतराचा उपयोग नाही, अंदाज बांधायला मात्र शिकावं लागतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चौघांना यात संशोधनाचा विषय दिसला. त्यांनी 'रोग-ओ-मॅटिक' नावाचा प्रोग्राम लिहिला, जो माणसाच्या जागी बसून हा गेम खेळायचा, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याने तो ताईत वर आणून दाखवला.

आता माझ्या दोन रात्रींबद्दल. खोल्या, बोळ, उजेड आणि लढाई या सगळ्यांसाठी फासा एकच आहे. शिवाय पुढचा मजला आधीपासून तयार नसतो. तुम्ही जिना उतरता तेव्हा तो बनतो. म्हणजे वरच्या मजल्यावर तलवारीचा एक वार जास्त झाला तरी फासे पुढे सरकणार आणि खालचं भुयार बदलणार. हे खरंच घडतं का? कोडमध्ये बीज कायमचं ठरवून टाकलं आणि गेम तीन वेळा सुरू केला. पहिला मजला तिन्ही वेळा कोपऱ्यान् कोपरा तोच. पहिल्या डावात वाटेत कुणाला न छेडता जिना उतरलो. दुसऱ्या डावात एका वटवाघळाशी लढून मग उतरलो. दुसरा मजला वेगळा निघाला, खोल्यांची संख्यासुद्धा वेगळी. तिसऱ्या डावात पहिल्यातली बटणं एकामागून एक जशीच्या तशी दाबली. पहिल्या डावातला दुसरा मजला परत आला, त्याच कोपऱ्यातल्या त्याच सोन्यासकट.

तो प्रोग्राम मी भाचीला पाठवला. रात्री आम्ही फोनवर बोलत एकाच वेळी सुरुवात केली. "मामा, माझ्या डावीकडे दार आहे," ती म्हणाली. माझ्याही डावीकडे होतं. जिन्यापर्यंत आम्ही एकाच भुयारात होतो. मग तिला वाटेत ते वटवाघूळ दिसलं.