वही जागेवर, नक्कल हातात: जन्मदाखल्याच्या प्रमाणित प्रतीची पार्श्वभूमी

जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत मागवणाऱ्या माणसाची बहुधा अशी समजूत असते, की ‘ओरिजिनल’ दाखला घरातच कुठेतरी असायला हवा होता. तो हरवला, म्हणून आता नकलेवर भागवावे लागते आहे. खरे तर बहुतेक देशांत घरातला तो पहिला दाखलाही नक्कलच असतो. मूळ असते ती नोंद, आणि ती निबंधकाच्या वहीत इतर अनोळखी बाळांच्या नोंदींसोबत पडून असते. ते पान फाडून कोणाला देता येत नाही आणि वही कोर्टात किंवा पासपोर्टच्या खिडकीपाशी नेता येत नाही. म्हणून वहीतला मजकूर उतरवून घ्यायचा आणि ‘हे वहीबरहुकूम आहे’ असे कोणीतरी जबाबदारीने लिहून द्यायचे. ही सोय सुमारे 2000 वर्षे जुनी आहे. एवढ्या काळात खरा बदल झाला तो दोनच बाबतींत: ग्वाही कोण देतो आणि ती मागतो कोण.

सुरुवात रोममध्ये सापडते. सम्राट ऑगस्टसच्या कारकिर्दीत, इसवी सन 4 आणि 9 मध्ये झालेल्या कायद्यांपासून रोमन नागरिकांच्या औरस मुलांची जन्मनोंद होऊ लागली. यामागे बालकल्याणाचा विचार नव्हता. मूल नागरिक आहे की नाही हे ठरवायचे होते आणि जास्त मुले असलेल्या आईबापांना वारसाहक्कात व सरकारी पदांत मिळणाऱ्या सवलती द्यायच्या होत्या. सवलत आली की पुरावा मागितला जाणारच. नोंदी पांढऱ्या रंगवलेल्या फलकावर जाहीर लावल्या जात आणि ज्याला गरज असेल तो त्यावरून नक्कल करून घेई. इजिप्तच्या कोरड्या वाळूत अशा काही नकला टिकून राहिल्या आहेत. मेण लावलेल्या लाकडी पाट्यांची ती जोडी असते. मजकूर दोनदा लिहिलेला: एकदा आत, दोऱ्याने बांधून मोहोरबंद केलेला, आणि एकदा बाहेर, कोणालाही वाचता येईल असा. बाहेरच्या मजकुरात कोणी खाडाखोड केली असा संशय आला, तर मोहोर फोडून आतला पाहायचा.

या नकलेवर शिक्का मारणारा कारकून नव्हता. सात रोमन नागरिक साक्षीला बसत, फलकावरून उतरवून ताडून पाहिल्याचे त्यात लिहिले जाई आणि प्रत्येक जण आपली मोहोर लावी. नोंद सरकारी होती, पण ग्वाही शेजारपाजाऱ्यांची. याच पाट्यांतून व्यवस्थेची दुसरी बाजूही दिसते. अनौरस मुलांना त्या फलकावर जागाच नव्हती. सैनिकांना नोकरीत असताना कायदेशीर लग्न करता येत नसे, म्हणून त्यांची मुलेही बाहेर. अशा वेळी आईबाप सात साक्षीदारांसमोर खासगी निवेदन करून तेवढाच कागद जपून ठेवत. दप्तरात नाव नसलेल्यांनी प्रतिज्ञापत्रावर काम चालवायचे, ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

रोमची व्यवस्था मोडल्यावर युरोपात शतकानुशतके वय सिद्ध करायला माणसांची आठवण एवढाच आधार उरला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरंजामी जमिनीचा वारस 21 वर्षांचा झाला की नाही हे ठरवायला चौकशी बसे आणि बारा जण शपथेवर सांगत: हा जन्मला त्याच वर्षी माझे घर जळाले, त्याच दिवशी मी घोड्यावरून पडलो आणि पाय मोडला. या जबान्या वाचायला मोठी मौज वाटते. अभ्यासकांना मात्र त्यात एक खोट दिसली. वेगवेगळ्या वारसांच्या चौकशीत तेच घर जळते आणि तोच पाय मोडतो. कारकून जुन्या कागदावरून आठवणीसुद्धा उतरवून काढत असावेत.

1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी आणि ती कुलूपबंद पेटीत असावी असा हुकूम काढला. लोकांना वाटले, हा नव्या कराचा डाव आहे. पुढे कागदी वह्या खराब होऊ लागल्या, तेव्हा 1598 मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची असे ठरले. आदेशात एक सोयीचे वाक्य होते: सुरुवातीपासून उतरवा, पण विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून. राज्यारोहण 1558 चे. पुष्कळ पाद्र्यांनी ‘विशेषतः’ तेवढेच धरले आणि आधीची वीस वर्षे सोडून दिली. जुन्या कागदी वह्या पुढे नाहीशा झाल्या. म्हणून आजही कित्येक पॅरिशच्या नोंदी बरोबर 1558 पासूनच सुरू होतात. कागदपत्रांच्या इतिहासात आगीने आणि वाळवीने जेवढे नेले, त्याच्या बरोबरीने कंटाळलेल्या नकलनवीसांनीही नेले असेल, असे मला वाटते.

फ्रान्सने यावर अधिक शहाणा उपाय काढला. 1539 च्या फर्मानाने तिथे बाप्तिस्म्याच्या वह्या सक्तीच्या झाल्या आणि 1667 च्या फर्मानाने प्रत्येक वही दोन प्रतींत ठेवण्याची पद्धत पक्की केली, एक जागेवर आणि एक न्यायालयाच्या दप्तरात. राज्यक्रांतीत, 20 सप्टेंबर 1792 च्या कायद्याने, हे काम चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिले. धर्म कोणताही असो, नोंद एकाच वहीत. दोन प्रती दोन इमारतींत असल्यामुळे एक गेली तरी दुसरी उरेल असा हिशेब होता. मे 1871 मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारच्या, शेवटच्या आठवड्यात नगरभवन जळाले आणि न्यायमंदिरही जळाले. पॅरिसच्या 1860 पूर्वीच्या सुमारे 80 लाख नोंदी दोन्ही प्रतींसकट राख झाल्या.

त्यानंतर जे घडले ते या साऱ्या इतिहासात मला सर्वांत बोलके वाटते. 1872 मध्ये कायदा करून सरकारने लोकांनाच आवाहन केले: तुमच्याकडे असतील त्या नकला आणा. लग्नाच्या वेळी काढलेले उतारे आले, वाटणीच्या कज्ज्यासाठी नोटरीकडे दिलेले दाखले आले, चर्चच्या वह्या आल्या. त्या कागदांवरून वहीच नव्याने लिहायला घेतली गेली. सुमारे एक तृतीयांश नोंदी अशा परत उभ्या राहिल्या. ज्यांनी कधी दाखला काढलाच नव्हता, त्यांच्या नोंदी बहुतेक कायमच्या गेल्या. मुळाने नक्कल पुरवावी हे नेहमीचे. इथे नकलेने मूळ पुरवले.

इंग्लंडमध्ये नागरी नोंदणीचा कायदा 1836 चा, अंमल 1 जुलै 1837 पासून. अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांची तक्रार होती, की त्यांच्या वह्यांना कोर्टात किंमत नाही आणि वारसाहक्काचे दावे त्यामुळे अडतात. नव्या पद्धतीत स्थानिक निबंधक दर तिमाहीला आपल्या नोंदींच्या प्रमाणित प्रती लंडनला पाठवत. गमतीचा भाग असा, की केंद्रीय कार्यालयातून ‘प्रमाणित प्रत’ मागवली तर मिळत असे ती प्रतीची प्रत. उतरवताना आडनावाचे एखादे अक्षर चुकले, तर चूकही प्रमाणित होऊन येई.

याच सुमारास दाखल्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. तोवर तो मालमत्तावाल्यांना लागे. आता गिरणीतल्या पोरांना लागू लागला. 1833 च्या फॅक्टरी कायद्याने 9 वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापड गिरण्यांत कामावर घेण्यास मनाई केली, पण वयाचा कागद कोणापाशीच नव्हता. डॉक्टर उंचीवरून आणि अंगलटीवरून वय ठरवत. 1837 मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने शेकडो मुलांचे दात तपासून, दातांवरून वय जास्त खात्रीने कळते असे दाखवून दिले. कागद नसला की शरीर तपासावे लागते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे नाही. त्यामागोमाग शाळेची सक्ती आली, पेन्शन आली, पासपोर्ट आला आणि प्रत्येकाने एकेक नक्कल मागितली.

कायद्याच्या दृष्टीने ही नक्कल इतकी वजनदार का, याचे उत्तर पुराव्याच्या नियमांत आहे. एरवी कोर्टाला मूळ कागद हवा असतो. सरकारी दप्तराला मात्र अपवाद करावा लागला, कारण मूळ वही एका कोर्टात अडकली तर बाकीचे लोक खोळंबतात. भारताच्या 1872 च्या पुरावा कायद्यात हे स्वच्छ लिहिले होते: ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा हक्क एखाद्याला आहे, त्याची नक्कल फी घेऊन द्यायची, खाली ‘खरी नक्कल’ असा शेरा, तारीख, सही, हुद्दा आणि लागू असेल तिथे मोहोर. अशी नक्कल मुळाच्या जागी चालते. झेरॉक्सवर एखाद्या अधिकाऱ्याने ‘ओरिजिनल पाहिले’ म्हणून केलेली सही आणि ही प्रत यांतला फरक हाच. पहिल्यात सही करणाऱ्याने फक्त तुमच्या हातातला कागद पाहिलेला असतो. दुसऱ्यात वही ज्याच्या ताब्यात आहे तोच बोलत असतो. भारतात 1886 चा नोंदणी कायदा ऐच्छिक होता. सक्ती आली 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने, आणि त्यानेही उताऱ्याचे पुराव्यातील स्थान याच 1872 च्या कायद्याला जोडून दिले.

नकलांची मागणी नेहमी भल्यासाठीच वाढली असे नाही. 1933 च्या एप्रिलमध्ये नाझी जर्मनीने ‘आर्य’ नसलेल्यांना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा केला. आपण आर्य आहोत हे दाखवायला स्वतःचा, आईवडिलांचा आणि चारही आजी-आजोबांचा असे सात जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे दाखले आणि तीन लग्नाचे दाखले लागत. खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या कचेऱ्यांवर नकलांच्या अर्जांचा पाऊस पडला. ज्या वह्या वारसाहक्क शाबीत करायला लिहिल्या गेल्या होत्या, त्यांतून आता माणसे वेचून बाजूला काढली जात होती. जपानमध्ये 1872 च्या कुटुंबनोंदवहीतून जुन्या बहिष्कृत जातींचा माग काढता येत असे. ती वही अखेर 1968 मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली.

उलट टोकाला सॅन फ्रान्सिस्को आहे. अमेरिकेत जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगाही जन्माने नागरिक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1898 मध्ये दिला होता. 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत शहराचे दप्तर जळाले. चिन्यांना देशात येऊ न देणारा कायदा तेव्हा लागू होता. त्यामुळे कित्येकांनी आपला जन्म इथलाच असल्याचे सांगितले, आणि ते खोडून काढायला वहीच उरली नव्हती. मग नागरिकाचे मुलगे म्हणून त्यांनी चीनमधून माणसे आणली. काही खरे मुलगे, काही केवळ कागदावरचे.

खुद्द प्रतीचे रूपही बदलत गेले. हाताने उतरवण्याच्या जागी विसाव्या शतकात फोटोस्टॅट आला, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेला. 1947 मध्ये इंग्लंडने आईवडिलांची नावे नसलेला छोटा दाखला सुरू केला, म्हणजे अनौरस जन्म शाळेच्या टेबलावर उघडा पडू नये. मला तरी ही सुधारणा नोंदणीच्या इतिहासातली सर्वांत सभ्य सुधारणा वाटते. पण निवडक रकान्यांचा उतारा आणि पूर्ण पानाची प्रत असे दोन प्रकार झाले की संशयाला फट मिळते. बराक ओबामा यांनी 2008 मध्ये हवाई राज्याने दिलेला संगणकीय दाखला जाहीर केला होता. तो कायद्याने पुरेसा होता, तरी त्यांचा जन्म अमेरिकेबाहेरचा असल्याची ओरड थांबली नाही आणि एप्रिल 2011 मध्ये व्हाइट हाउसला पूर्ण पानाची प्रत जाहीर करावी लागली.

जुना दाखला असताना नवी प्रत कशाला, या रास्त चिडचिडीचे उत्तर फ्रान्सच्या समासात सापडते. तिथे 1897 पासून लग्नाची नोंद जन्मनोंदीच्या समासात होते, पुढे घटस्फोटही तिथेच येतो. त्यामुळे लग्नासाठी दिलेला उतारा ताजा, सहसा तीन महिन्यांच्या आतला लागतो. वहीत भर पडत राहते. हातातली प्रत तिच्या तारखेलाच थांबलेली असते. दत्तक, नावातली दुरुस्ती, उशिरा घातलेले नाव, यांचेही तसेच. दुसरे कारण चोरीचे. अमेरिकेच्या ताब्यातल्या प्यूर्तो रिको बेटावर शाळा, चर्च, कचेऱ्या दाखल्याची प्रमाणित प्रत घेऊन ठेवून देत. त्या फाइलींतून दाखले चोरीला जाऊ लागले आणि त्यांवर अमेरिकी पासपोर्ट निघू लागले. शेवटी 1 जुलै 2010 पूर्वी काढलेले सगळे दाखले रद्द ठरवून लोकांना नवे घ्यायला लावले, आणि प्रत ठेवून घेण्याच्या प्रथेला कायद्याने बंदी केली. इंग्लंडच्या दाखल्यावर तर सूचनाच छापलेली असते, की हा ओळखीचा पुरावा नाही. बरोबरच आहे, अमुक दिवशी अमुक मूल जन्मले एवढेच तो सांगतो. तो हातात धरणारा माणूस तेच मूल आहे, हे सांगत नाही.

सीमा ओलांडताना आणखी एक अडचण येते: परक्या देशातल्या निबंधकाची सही इथे कोण ओळखणार? पूर्वी यासाठी शिक्क्यांवर शिक्के चढत. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारात त्या साखळीऐवजी ‘अपोस्टिल’ हे एकच प्रमाणपत्र आले. भारतात तो करार 2005 पासून लागू आहे. अपोस्टिलही मजकुराची हमी देत नाही, फक्त सही आणि शिक्का खरा असल्याची देते. आता डिजिटल सही आणि क्यूआर कोड आले आहेत. कागद पाहणारा थेट दप्तराला विचारून खात्री करून घेऊ शकतो.

आता नोंद आणि नक्कल यांतले अंतर आकड्यांत मोजले जाते. मुलाची जन्मानंतर लगेच नोंद व्हावी, हे 1989 च्या बालहक्क करारातल्या सातव्या कलमात आहे. युनिसेफच्या 2024 च्या अहवालानुसार जगात पाच वर्षांखालच्या सुमारे 15 कोटी मुलांची नोंदच झालेली नाही. त्याशिवाय 5 कोटींहून अधिक मुले अशी आहेत, की त्यांची नोंद झाली आहे पण दाखला हाती नाही. कुठे फी आड येते, कुठे कचेरी लांब पडते. भारताच्या 1969 च्या कायद्यातले बारावे कलम नेमके याच जागी बोट ठेवते: नोंद पूर्ण झाली की खबर देणाऱ्याला पहिला दाखला विनाशुल्क द्यायचा. पैसे मोजावे लागतात ते त्यानंतरच्या प्रतींना.