दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट किंमत नव्हे

पोकरच्या स्पर्धांबद्दल बोलणं निघालं की जॅक स्ट्रॉसची गोष्ट निघतेच. १९८२ साली लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये सगळं पणाला लावून तो हरला. उठताना त्याला ५०० ची एक चिप (पैशांऐवजी पणाला लावायची चकती) शिल्लक सापडली आणि तिच्यावरून पुढे तो चक्क विजेता झाला. ‘एक चिप आणि एक खुर्ची असली की पुरे’ हे वाक्य या गोष्टीला कायमचं चिकटलं आहे.

पुरे म्हणजे किती? त्या स्पर्धेत १०४ खेळाडू होते आणि प्रत्येकाला १०,००० चिप्स मिळाल्या होत्या, एकूण १०,४०,०००. सगळे सारख्याच ताकदीचे मानले, तर कोणत्याही क्षणी तुमच्या चिप्सची सरासरी अपेक्षा तेवढीच राहते, वाढत नाही की घटत नाही. शेवटी मात्र दोनच गोष्टी शक्य असतात: तुमच्याकडे सगळ्या चिप्स किंवा शून्य. म्हणून जिंकण्याची शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला तुमचा वाटा. ५०० चिप्सना ती २,०८० मध्ये एक इतकी येते.

इथवर हिशेब सरळ आहे. पण स्पर्धेत बक्षीस फक्त पहिल्याला नसतं, आणि मला या खेळातला सर्वांत सुंदर वाटणारा भाग तिथेच सुरू होतो.

तीन खेळाडू उरलेत असं धरा. अ कडे ५,००० चिप्स, ब कडे ३,००० आणि क कडे २,०००. बक्षिसं ५०, ३० आणि २०. अ पहिला येण्याची शक्यता ५० टक्के. दुसरा येण्याची शक्यता काढण्यासाठी एक युक्ती वापरतात: पहिला कोण ते ठरवायचं, त्याला बाजूला काढायचं आणि उरलेल्यांत पुन्हा चिप्सच्या प्रमाणात वाटणी करायची. ब जिंकला (०.३), तर अ ला ७ पैकी ५ वाटे, क जिंकला (०.२), तर ८ पैकी ५. बेरीज सुमारे ०.३४. उरलेले ०.१६ तिसऱ्या क्रमांकाचे. हे सगळं बक्षिसांनी गुणलं की अ च्या चिप्सची किंमत ३८.४ येते. तसंच ब ची ३२.७५ आणि क ची २८.९.

अर्ध्या चिप्स ज्याच्याकडे, त्याच्या वाट्याला ३८. जेमतेम पाचवा हिस्सा ज्याच्याकडे, त्याच्या वाट्याला जवळजवळ २९! ढीग वाढत जातो तशी प्रत्येक नव्या चिपची किंमत घटत जाते. गमावलेली चिप मिळवलेल्या चिपपेक्षा महाग असते, ती यामुळे.

आता अ ने ब ला ऑल-इन केलं, म्हणजे खेळायचं तर ब ला सगळ्या चिप्स पणाला लावाव्या लागतील अशी पैज लावली. ब ने कॉल केलं, म्हणजे ती पैज स्वीकारली, आणि हरला, तर त्याला २० मिळतात. जिंकला तर त्याच्याकडे ६,००० चिप्स होतात, पण त्यांची किंमत फक्त ४१. म्हणजे ब ला नुसतं बरोबरीत राहायलाही सुमारे ६१ टक्के जिंकण्याची शक्यता हवी. गुलामांची जोडी हातात आहे आणि समोरच्याने एक्का-राजा उघडून दाखवले, तरी जोडीची शक्यता पंचावन्नच्या आसपासच असते. पत्ते सरस असूनही टाकून द्यायचे!

आणि नाणेफेकीसारखा, पन्नास-पन्नासचा डाव झालाच तर? हिशेब करून पाहा. सरासरी ब चं नुकसान २.२५, अ चं ०.६४ आणि क चा फायदा २.८९. भांडले दोघे, आणि ज्याने एकही पत्ता खेळला नाही त्याच्या खात्यात सगळी भर. मोठ्या ढिगाचा दबावही यातूनच येतो: अ हरला तरी स्पर्धेत राहतो, ब राहत नाही.

‘एकेकाला बाजूला काढण्या’ची ही रीत डेव्हिड हारव्हिल या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडली होती. पोकरमध्ये ती आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) नावाने रुळली. पहिल्या क्रमांकाचा हिशेब पक्का असला, तरी दुसऱ्या-तिसऱ्याचा हा अंदाजच आहे. पुढचा ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी पाळीपाळीने भरायची सक्तीची पैज) कोणाला भरायचा आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ती बाजू गणितज्ञ पॉल मॅग्रिएल यांच्या ‘एम’ने थोडी सांभाळली जाते: चिप्स भागिले एका फेरीचा खर्च, म्हणजे दोन्ही ब्लाइंड (लहान आणि मोठा) आणि सगळ्यांचे अँटी (डावाआधी प्रत्येकाने भरायच्या थोड्या चिप्स). १२,००० चिप्स असतील आणि फेरीला १,००० जात असतील तर एम १२. ब्लाइंड आणि अँटी दुप्पट झाले की एकही डाव न हरता तो ६ होतो.

‘आज पत्ते रुसलेत, आता माझी पाळी येणार’ म्हणून उरलेला ढीग पुढे सारणारे खेळाडू पुष्कळ दिसतात. पिसलेल्या पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. चिप्स मात्र मागचे सगळे डाव अंगावर घेऊन बसलेल्या असतात, म्हणून बघायचं त्यांच्याकडे.

२०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिकांना हरवलं, तेव्हा यंत्राने पोकर सोडवलं असा गाजावाजा झाला. कामगिरी खरोखर मोठी होती. पण त्या प्रयोगात प्रत्येक डावाच्या सुरुवातीला सगळ्यांच्या चिप्स पुन्हा १०,००० केल्या जात. जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेले पत्ते टाकून देण्याचा, ब समोरचा प्रश्न प्लुरिबससमोर कधी आलाच नाही.