पाण्यात किडे दिसले म्हणजे पाणी घाण? उलट आहे!

लहानपणापासून ऐकत आलोय की ओढ्यात किडे वळवळताना दिसले की पाणी खराब, आणि काचेसारखं नितळ असलं की चांगलं. हे खरं नाहीये. सह्याद्रीतल्या एखाद्या वाहत्या ओढ्यातला दगड उचलून खालची बाजू बघा, तिथे चपटी, दोन-तीन बारीक शेपट्या असलेली पिल्लं चिकटलेली दिसतील, ती मेफ्लाय किंवा स्टोनफ्लाय या उडणाऱ्या कीटकांची, आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःला नळीसारखं घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी तर बघतच राहावी अशी. यातल्या बऱ्याच जणांना भरपूर ऑक्सिजन लागतो, सांडपाणी आलं की हे आधी गायब होतात.

मग उरतात कोण, तर लाल रंगाच्या कायरोनोमिड (डासासारखे दिसणारे कीटक) अळ्या (त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तगतात) आणि गाळात राहणारे बारीक ट्युबिफेक्स किडे. म्हणजे किडे आहेत का हा प्रश्नच चुकीचा, कुठले आहेत ते बघायचं. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी या किड्यांवरून पाणी तपासायच्या पद्धतीत प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण देतात (प्रदूषण जितकं सोसत नाही तितके जास्त), नाजूक स्टोनफ्लायना 10 आणि कायरोनोमिडना फक्त 2. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर नद्यांसाठी पद्धत केलीय.

बाटलीतला नमुना फक्त त्या क्षणाचं पाणी सांगतो, रात्री कोणी केमिकल सोडून गेलं तर सकाळी पत्ताही लागत नाही, पण ही पिल्लं कित्येक आठवडे-महिने तिथेच राहतात ना.

आणि हो, मेफ्लाय दिसली म्हणून ओंजळीने पिऊ नका प्लीज, जुलाबाचे जंतू तिथेही असू शकतात, त्याची टेस्ट वेगळी असते.